मशीनवाले सर आणि आमचं लोखंड

या, अशा जवळ सरका. दारापर्यंत येऊन मागं फिरता, ही काय रीत झाली? पाणी शोधणाऱ्या सरांचं सांगायचं राहिलंय.

"खाली काय पुरलंय ते आधी सांगा." हे त्यांचं पहिलं वाक्य. चहासुद्धा त्यानंतर. मग पट्टा, चाव्या, मोबाईल काढून लांब बांधावर ठेवायचे आणि रानात वायरीचं मोठं रिंगण घालायचे. मला म्हणाले, "मावशी, पायातली जोडवी?"

"मालक जिते हायेत माझे!"

"मग तिकडं बाभळीखाली बसा." हसले बिचारे.

नेकनूरकडच्या आमच्या शिवारात त्यांना माझ्या दिरानं बोलावलं होतं. बोअरला पाणी लागलं तर त्याचा ऊसतोडीचा कोयता सुटणार होता.

सर समजावत होते, "भेगेतलं पाणी, ओली चिकणमाती, लोखंड, सगळीच मशीनला ओ देतात. खाली गुंता असला की कोण बोललं ते कळत नाही. जुनी बोअर, पाईप आहे का?"

"काईच न्हाई," आमचे मालक म्हणाले.

होतं. आदल्या साली दीर तोडीला गेलता, सारी वस्ती रिकामी. तेव्हा मालकांनी दिराच्याच वाटणीत चोरून बोअर घेतली. कोरडी गेली. लोखंडी पायप वर निघेना, म्हणून कापला, माती ओढली, वरून नांगर फिरवला. मला माहीत होतं. मी बाभळीखाली गप्प बसले.

मशीननं तिथंच ओ ऐकली. सरांनी दोनदा तपासलं, शेजारीच चुन्याची खूण केली. दिरानं बोअर घेतली, तर नुसता फुफाटा उडाला.

सरांना बोलावून आणलं. पहिली चापट आमच्या मालकांनी मारली. "पाणी दावतो व्हय बे?" मग त्यांचीच वायर गळ्यात घालून, मशीन डोक्यावर देऊन फाट्यापर्यंत चालवलं. लोक हसले. मीही पदराआड हसले, खोटं कशाला बोलू.

माझ्यापुढून जाताना ते एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं ना, मावशी?"

पुन्हा त्यांना या भागात कुणी बोलावलं नाही. मालकही गेले. दिराचा कोयता काही सुटला नाही. निघताना दरसाल सरांच्या नावानं शिव्या घालतो, आणि मी त्याला भाकरी बांधून देते.

येत्या आठवड्यात तो तोडीवरून परततोय. त्या पुरलेल्या पायपाचं एकटीनं त्याला सांगायची माझी छाती होत नाही. तुम्ही तेवढं त्याच्या आधी येऊन माझ्याजवळ बसा.