मारकुट्या आत्याचं धोपाटणं

माझी नणंद सुमनताई कुठल्यातरी मारामारीत जाणार, असं आम्ही सगळे धरूनच चाललो होतो. बेलापूरच्या ऑफिसात नवऱ्याचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कुणी मारलं?" कुणीच नाही. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... महिना उलटला तरी मला त्यांचा रागच येतो. इतकं गुपचूप जाणं त्यांना शोभलं नाही.

सीवूड्सजवळच्या गावात त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. भाडेकरूंच्या वयात आलेल्या पोरी, त्यांच्या मैत्रिणी, माझी ऋतुजा, सगळ्यांच्या त्या आत्या. ग्लास पुढे आला की या पोरींना नको म्हणवत नाही, कारण ग्रुप हसतो, हे ताईंनी बरोबर हेरलं होतं. "नाय बोलाला लाज वाटतं ना? मंग माज्यावर ढकला. नुसता मिस्कॉल द्या. मी येन, समद्यांसमोर मारीन. तुमची इज्जत रानार, माजी गेली तं गेली."

ऋतुजा अकरावीत होती. एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला बिअर झाली आणि प्यायलेल्या पोरांच्या मागे बसून पामबीच रोडवर रेस लावायचं ठरलं. मैत्रिणी बसल्याही. ऋतुजाने बाथरूममधून मिस्कॉल दिला. कपडे धुवायचं धोपाटणं घेऊन ताई सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरल्या आणि पुढच्या बाईकचा हेडलाइट फोडला. ऋतुजाला वेणीला धरून ओढलं, अशी थोबाडली की ओठ फुटला. एकाने बाटली फेकली, ती त्यांच्या कपाळावर बसली. डोळ्यात रक्त उतरत असताना ताईंनी त्याच्या गुडघ्यावर धोपाटणं घातलं. तो खाली बसून रडायला लागला, तेव्हा सगळ्या बाईकच्या चाव्या काढून घेऊन नाल्यात टाकल्या. रेस झाली नाही. रिक्षात बसल्यावर त्यांनी पदराने आधी ऋतुजाचा ओठ पुसला. "जोरान लागलं काय गो?" तेव्हा कुठे ती रडली, आणि रडता रडता हसली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींनी तिला भित्री म्हटलं नाही. तुझी आत्या डेंजर आहे बाई, म्हणाल्या आणि हळहळल्या. मारणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माझी पोर मात्र घरी आली होती.

ताईंचा फोन आता माझ्याकडे असतो, धोपाटणंही. परवा संध्याकाळी तो एकदाच वाजला आणि बंद झाला. आत्या गेली हे ठाऊक असूनही कुणा पोरीने तो नंबर लावला होता. मी बघतच राहिले. ऋतुजाने नाव वाचलं, पोरगी कुठे आहे ते मैत्रिणींना विचारून काढलं आणि रिक्षा थांबवली. मी दाराआडचं धोपाटणं उचललं. शिव्या मला येत नाहीत. रिक्षात तिने दोन शिकवल्या, ऐरोलीला पोचेपर्यंत पाठ झाल्या.

धोपाटणं पुन्हा दाराआड ठेवलंय. त्याची एक कड उडालीय. ती माझ्या हातून.