माझ्या समक्ष

माझं शिवणकामाचं दुकान पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर होतं आणि माझ्या आयुष्यातली निम्मी कटकट त्या एका गोष्टीतून आली. गाव वर्धा जिल्ह्यातलं, तालुक्याचं नव्हे, पण मोठ्या बाजाराचं. नव्वदच्या दशकात त्या ठाण्यात एकही बाई शिपाई नव्हती. एखाद्या बाईच्या घराची झडती घ्यायची झाली की पंच म्हणून गावातली एक बाई लागायची. पोलिसांनी जे केलं ते डोळ्यांनी पाहायचं आणि पंचनाम्याच्या कागदावर सही करायची, एवढंच पंचाचं काम. रस्ता ओलांडला की मी. मग दुसरी बाई कोण शोधत बसणार?

बोलवायला नेहमी एकच हवालदार यायचे. गाव त्यांना जमादार म्हणायचं. त्यांचं घर सिंदी मेघेला, बायकोपोरं तिकडेच, आणि हे आमच्या गावात खोली करून राहायचे. वर्दीची बटणं तुटली की शर्ट माझ्याकडे टाकायचे. दुकानाच्या पायरीशी उभं राहून म्हणायचे, "ताई, येता काय जी जरा? बाई लागून राह्यली."

अर्धवट ब्लाऊज मशीनवर तसाच ठेवून मी जायची. मी घरी आले की नवरा चिडायचा. "तुले नाई म्हणता येत नाई काय?"

येत नव्हतं, आणि त्याला कारण होतं. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, उतारवयात भूल पडली होती. घराबाहेर पडले की परतीची वाट आठवायची नाही. तीनदा ते हरवले, आणि तीनदा जमादारांनीच त्यांना शोधून आणलं. एकदा तर नदीच्या काठानं चार मैल गेले होते. जमादारांनी त्यांना सायकलच्या कॅरियरवर बसवून, स्वतः पायी सायकल ढकलत आणलं. रिपोर्ट नाही, कागद नाही. मामाजी त्यांना आपला धाकटा भाऊ समजून रागवत होते आणि जमादार "हो दादा, चुकलं माहं" म्हणत चालले होते. असं करणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

मग ती पोतीची केस आली.

बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्याच्या घरून सोन्याची पोत गेली. संशय आला भाजीवाल्या बाईवर. नदीकडच्या वाडीत ती वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायची आणि पेठेतल्या घरांमध्ये टोपली घेऊन थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची. माझ्याही दारी यायची. जमादार मला घेऊन तिच्या घरी गेले. दारात माणसं पाहून ती ओरडायला लागली, "माह्या पोरीचं लगन हाय पंधरा दिवसांनी, काऊन इज्जत घेऊन राह्यले!" तेवढ्यात तिची म्हातारी सासू अंगणातच घेरी येऊन पडली. मी धावले. रांजणातलं पाणी घेतलं, म्हातारीच्या तोंडावर मारलं, तिचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत बसले.

जमादार बाहेर आले तेव्हा पोत त्यांच्या तळहातावर होती. "ज्वारीच्या डब्यात सापडली, ताई."

ठाण्यात पंचनामा लिहून झाला. त्यात लिहिलं होतं की सदर पोत माझ्या समक्ष ज्वारीच्या डब्यातून काढण्यात आली. मी म्हटलं, "जमादार, मी तर अंगणात होती."

"सापडली का नाई?"

"सापडली."

"मंग? अंदर-बाहेरनं काय फरक पडते? करा सही, साहेबाले वर्ध्याले निघाचं आहे."

मी सही केली. त्या सहीचा राग मला अजून येतो, आणि तो कोणावर काढावा हे अजून कळत नाही.

केस तालुक्याच्या कोर्टात गेली आणि तिथंच मुरली. दर काही महिन्यांनी समन्स यायचं, तेही समोरच्याच ठाण्यातून, रस्ता ओलांडून. सकाळची एसटी धरायची, कोर्टाच्या ओट्यावर बसायचं, आणि चार वाजता कोणीतरी सांगायचं, पुढची तारीख. आज वकील आले नाहीत. आज साहेब रजेवर. आज कागद वर्ध्याहून आले नाहीत. लग्नसराईत माझी शिलाई तुंबायची, गिऱ्हाइकं दुसरीकडे जायची. किती खेटे झाले ते मोजणं मी सोडून दिलं. मामाजी याच काळात गेले. त्यांच्या तेराव्यानंतर तिसऱ्या दिवशी तारीख होती. मी गेले, आणि परत आले.

भाजीवाली बाई जामिनावर सुटली होती. तिची तारीख तीच माझी तारीख, तिची एसटी तीच माझी. पहिली दोन वर्षं आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही. एकदा गाडीत उभं राहायला जागा नव्हती, तेव्हा ती सरकली आणि म्हणाली, "बसा." मी बसले. बरंच अंतर गेल्यावर तिनं खिडकीबाहेर पाहतच विचारलं, "बाई, तुमी पाह्यलं काय, माह्या डब्यातून काढतानी?"

मी हातातल्या तिकिटाची घडी घालत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही. तिच्या पोरीचं ते लग्न मोडलं होतं, हे मला गावात आधीच कळलं होतं.

माझी साक्ष झाली तेव्हा नवं शतक लागलं होतं. सरकारी वकिलांनी विचारलं, पोत कुठून निघाली? मी रात्रभर ठरवून आले होते की कागदावर आहे तेच सांगायचं. समोर जमादार बसले होते. त्यांची बदली होऊन तीन वर्षं झाली होती, केस पिकले होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मी अंगणात होती. काढताना मी पाह्यलं नाई."

वकील खवळले. त्यांनी मला फितूर ठरवायची परवानगी मागितली. मग पंचनाम्यावरची सही दाखवून विचारू लागले, ही सही तुमची का? माझी. वाचून केली का? वाचून केली. मग तेव्हा खोटं बोललात की आता? मला खोटारडं म्हणायचा सगळ्यांना हक्क होता, कारण मी खोटी सही केली होती आणि आता खरं बोलत होते.

बाई सुटली.

बाहेर जमादार नळावर पाणी पीत होते. मला पाहून तोंड पुसलं. वाटलं, शिव्या देतील. ते म्हणाले, "ताई, मी खरंच डब्यातूनच काढली होती वो."

"मले मालूम आहे," मी म्हटलं.

आणि मला खरंच तसं वाटत होतं. हा माणूस कोणाच्या डब्यात पोत टाकणारा नव्हता. पाच मिनिटं थांबून मला आत बोलावलं असतं, तर काहीच अडचण नव्हती. पण थांबायला वेळ कोणालाच नव्हता, आणि "मी सही करत नाही" म्हणायची माझी छाती नव्हती. "चौकशी लागते वाटते माही," असं म्हणून ते एसटी स्टँडकडे निघून गेले. चौकशीचं पुढं काय झालं ते मला कळलं नाही. पुन्हा आमची भेट नाही.

व्यापाऱ्याच्या घरचे ब्लाऊज माझ्याकडे यायचे बंद झाले. भाजीवाल्या बाईनंही माझ्या दारी टोपली कधी उतरवली नाही. बाजारात दिसली तर मान वळवायची. तिनं पोत घेतली होती की नाही, हे मला आजही ठाऊक नाही.

चार-पाच वर्षांनी ठाण्यात एक तरुण महिला पोलीस आली. नव्या साहेबांनी गावातल्या लोकांची बैठक घेतली, चहा-पोहे झाले, पोलीस आणि जनता एकाच घरची माणसं आहेत असं भाषण झालं. मीही टाळ्या वाजवल्या. पंच ठाण्याबाहेरचाच लागतो, म्हणून महिनाभरात ती पोरगी मला बोलवायला आली. मी गेले. झडतीत प्रत्येक खोलीत तिच्याआधी शिरले. पंचनाम्यातली दोन वाक्यं खोडायला लावली, वेळ चुकीची होती तीही बदलायला लावली. दोन तास गेले. ती घड्याळाकडे पाहत होती, साहेब माझ्याकडे.

पुढच्या वेळी त्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईला नेलं. ती परत आल्यावर मी विचारलं, "वाचलं होतं का वो, सही करायच्या आधी?"

"वाचाचं काय त्यात?" ती म्हणाली. "आपलेच लोक आहेत नं."