दीडच्या लेन्समधली अक्का

“साडेतीनची लेन्स घरी आहेच रे. तिनं फोटोत अक्काचा नुसता धूर काढला,” काजव्या म्हणाला. “मला दीडची दे.”

भिंगवाल्यानं जुन्या लेन्सांचा ट्रे पुढं सरकवला. “मान हलते ना तिची? मग दीडचीच लागणार. तोंड मोठं हिचं, अंधारातही पोटभर उजेड गिळते. पण सांगून ठेवतो, साडेतीनची लेन्स चूक पोटात घालते, ही चव्हाट्यावर आणते. नाकावर फोकस धरलास तर कान गेले समज.”

“कान गेले तर जाऊ देत. तिनं माझं कधी ऐकलंय?”

“लावून बघ. पटली तर ठेव.”

काजव्या साधा स्टुडिओवाला. फ्लॅश मारणं म्हणजे माणसाच्या तोंडावर पाणी फेकणं, असं म्हणायचा आणि लग्नातसुद्धा असेल त्या उजेडात भागवायचा. तिथूनच त्याला हे नाव पडलं. गल्लीतल्या घराघरांत त्यानं काढलेला एक तरी फोटो भिंतीला होता. त्याच्या घरात मात्र अक्काचा एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आईमागं या थोरल्या बहिणीनंच शिलाईमशीन चालवून त्याला वाढवलं, पहिला कॅमेराही तिनंच घेऊन दिला. फोटोचं नाव काढलं की म्हणायची, आधी गिऱ्हाइकांचं उरक.

आता दुखण्यानं तिच्या डोळ्यांना उजेड मिठासारखा झोंबायचा. स्टुडिओमागच्या खोलीत ती पडदे ओढून बसे. डॉक्टर औषध बदलायचं सोडून नुसती विचारपूस करायला लागला, तेव्हा काजव्या समजायचं ते समजला. फोटो आत्ता, नाहीतर कधीच नाही.

दुपारी त्यानं अक्काची खुर्ची भिंतीला लावली आणि तिच्याच शिवणाच्या टेपनं कॅमेऱ्यापासून अंतर मोजलं. टेप अख्खी उलगडली. पाच फूट.

“मापं घ्यायचं काम माझं,” अक्का म्हणाली. “तू कधीपासून शिंपी झालास?”

त्याचा कॅमेरा जुन्या घडणीचा. डोळा लावला की मधल्या चौकटीत माणूस दोनदा दिसतो, एक नीट, एक फिकट. लेन्सची कडी फिरवून दोघांना एकावर एक आणायचं. जुळले की कडीवर अंतर वाचता येतं.

दोन्ही अक्का जुळल्या. कडी म्हणत होती, आठ फूट.

त्यानं खुर्चीच्या हातावर फोकस धरला. पाच. त्याच हातावर ठेवलेल्या तिच्या बोटांवर धरला. आठ. खुर्चीमागं तर भिंत होती. आठ फुटांवर बसायचं तर अक्काला भिंतीतून पलीकडं, शेजाऱ्याच्या न्हाणीघरात बसावं लागलं असतं. काजव्याला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचलं नाही.

संध्याकाळी दुकानात भिंगवाल्यानं लेन्स तपासली, कॅमेरा तपासला. “दोष नाही. टेपवर विश्वास ठेवून काढ की.”

“आणि चुकलं तर?”

“तर खुर्ची छान येईल,” भिंगवाला म्हणाला आणि स्क्रू शोधायच्या निमित्तानं खाली वाकला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची पाचावरच होती आणि अक्का पंधरावर. साडेतीनची असती तर हे कळलंही नसतं. तिच्यावर तो अंदाजानं फूट लावून मोकळा व्हायचा, पुढंमागं सगळं सारखंच दिसायचं. त्याला वाटलं, परत करावी ही लेन्स. पण मग फोटो कुठला.

“अक्का, जरा पुढं ये.”

“पुढंच बसलेय की.” तिनं डोळे बारीक करून त्याच्याकडं बघितलं. “लांब दिसते ना मी? तूही लांबच दिसतोस. हाक मारायची तर छातीत जोर धरावा लागतो.”

त्यानं पुन्हा डोळा लावला. कडी फिरवत गेला. पंधराच्या पुढं आकडे विरळ होत गेले, मग आडव्या आठाची, अनंताची खूण, तिथं कडी अडते. फिकट अक्का अजून सरकतच होती. अगदी टोकाला, केसभर अलीकडं, ती दुसरीवर येऊन बसली.

“हलू नकोस,” तो म्हणाला, आणि तिची मान, कधी नव्हे ती, थांबली. त्यानं बटण दाबलं. मग एक फोटो टेपच्या मापानंही काढला.

संध्याकाळी फिल्म धुतली. टेपच्या फोटोत खुर्चीची वीण काडीकाडीनं आली होती आणि तिच्यावर बसायला नुसता एक डाग होता. दुसऱ्यात खुर्ची, भिंत, सगळं विरघळलेलं. फक्त अक्का होती, पापणीच्या केसासकट, त्याच्याकडं बघणारी.

“काय ठरलं?” सकाळी भिंगवाल्यानं स्टुडिओच्या दारातूनच विचारलं.

“ठेवतो.”

आत पासपोर्टच्या फोटोसाठी एक गिऱ्हाईक स्टुलावर येऊन बसलं होतं. काजव्यानं दीडची काढून कपड्यात गुंडाळली आणि साडेतीनची लावली. कडी नेहमीच्या खुणेवर आणली. चौकटीत बघितलंच नाही.

“कुणीतरी हाक मारतंय हो तुम्हाला,” गिऱ्हाईक म्हणालं. “लांबून.”

अक्काची खोली पडद्याच्या पलीकडं, दोन हातांवर होती.

“आलोच गं,” काजव्यानं होता नव्हता तेवढा आवाज लावला. मग गिऱ्हाइकाची हनुवटी बोटानं जराशी वर केली. “मान सरळ. इकडं बघा.”