नीलझेपचे साडेसहा गुण

ऑफिसात तिला सगळे भिंगबाई म्हणत. तोंडावर अर्थातच 'ताई'. पण पाठ वळली की भिंगबाई. हे तिलाही ठाऊक होतं आणि त्याचा राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं. शर्टांच्या कारखान्यात तिनं बारा वर्षं बटणं, काजं आणि शिवणी तपासल्या होत्या. कारखाना बंद पडला, नजर तेवढी शिल्लक राहिली, आणि त्या नजरेच्या जोरावरच तिला इथं काम मिळालं.

काय काम करता, असं कुणी विचारलं की ती सांगायचा कंटाळा करायची. कारण सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नसे. चित्रकथांमधले ते उडणारे, भिंती फोडणारे वीर असतात ना, त्यांच्या वीतभर-हातभर उंचीच्या प्रतिकृती हौशी लोक जमवतात. त्यांना बाहुल्या म्हटलेलं त्यांना अजिबात खपत नाही; फिगर म्हणायचं. तर आपली फिगर किती चांगल्या अवस्थेत आहे हे कुणीतरी तिऱ्हाईतानं सांगावं, म्हणून लोक ती या ऑफिसात पाठवत. इथं तिला दहापैकी गुण मिळत, मग ती पारदर्शक पेटीत कायमची बंद होई आणि पेटीवर गुणांची चिठ्ठी लागे.

भिंगबाई सुती हातमोजे चढवून बसायची. आधी खोक्याचे कोपरे, मग फिगर. कपाळ आणि केस जिथं मिळतात तिथली रंगाची कड. डोळे, बुबुळ जरासं सरकलं तरी जगाचा तारणहार तिरळा दिसतो. साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ मांडीवरून किती उठून दिसते. प्रत्येक सांधा हलवून बघायचा, हात वर करून सोडायचा, राहतो की पडतो. शेवटी दिवे मालवून जांभळ्या प्रकाशाची बॅटरी फिरवायची. कुणी मागाहून रंग लावून लबाडी केली असेल तर तेवढा भाग वेगळा चमकतो. तिच्या नजरेतून सहसा काही सुटत नसे.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका मंगळवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन कामावर गेला. एका इमारतीच्या दारात वॉचमनला म्हणाला, "जरा बसतो." बाकावर बसला, आणि मग उठलाच नाही.

हॉस्पिटलात तिला त्याच्यापाशी नेलं तेव्हा तिला पहिल्यांदा दिसलं ते शर्टाचं बटण. वरून तिसरं. बाकीची सगळी पांढऱ्या दोऱ्यानं लावलेली आणि हे एकच फिकट पिवळ्या. तिनं काही ते लावलेलं नव्हतं. म्हणजे त्यानंच कधीतरी गुपचूप लावलं असणार. तिच्या हातात दिलं असतं तर तिनं अख्खा शर्ट तपासायला घेतला असता ना! डॉक्टर शेजारी उभे राहून हळू आवाजात काहीबाही सांगत होते. ती मान हलवत होती आणि दोऱ्याकडं बघत होती. रडू आलं नाही. येईल नंतर, असं सगळे म्हणाले. नंतरही आलं नाही.

नवव्या दिवशी ती कामावर हजर झाली. दुःखानं माणूस खचतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही, असं ती ऐकून होती. तिला जेवण जात होतं, झोपही लागत होती. दात काढायच्या आधी सुई दिली की गाल आपला नसल्यासारखा होतो, तसं तिचं सगळं झालं होतं, एवढंच. घरी ती आणि सासूबाई अशा दोघीच. लेक लग्न होऊन लांब राहत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"आजी?"

"त्याही बऱ्या आहेत."

सासूबाईंशीही बोलणं तेवढ्यास तेवढं. जेवलीस का, गोळी घेतलीत का, दाराला कडी लावलीस का. दोघी एकमेकींना धक्का लागू नये अशा बेतानं घरात वावरत.

असे चार महिने गेले. मग एक दिवस साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब म्हणजे ऑफिसचा मालक, वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वतः फिगरांचा वेडा. तिच्याशी बोलताना तो नेहमी थोडा बिचकून असायचा. त्या दिवशी जास्तच बिचकला होता.

"बसा ताई. कसं सांगू... तुम्ही परत आल्यापासून एकशे अठरा फिगर तपासल्यात. नऊ गुण एकीलाही नाहीत."

"दोष होते."

"दोष असतातच हो. पण कारखान्यातून निघालेल्या मालात बारीकसारीक चालवून घ्यायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत ना? नियमसुद्धा तुमच्याच हातचा आहे." त्यानं टेबलाच्या काचेखालचा कागद दाखवला. तिचंच अक्षर होतं. *हातभर अंतरावरून न दिसणाऱ्या दोषासाठी अर्ध्या गुणापेक्षा जास्त कापू नये.*

तिनं तो कागद दोनदा वाचला. आपण असं काही लिहिलं होतं हे तिच्या पार डोक्यातून गेलं होतं. चार महिने तिनं एकही फिगर हातभर अंतरावर धरून बघितली नव्हती. मोजे चढवायचे आणि सरळ भिंगाला डोळा लावायचा. भिंगाखाली तर कुणाचाच चेहरा धड नसतो.

"एक्केचाळीस जणांनी तक्रार केलीय," साहेब म्हणाला. "तेवढ्या पेट्या उघडून पुन्हा बघाव्या लागतील. आणि उद्या एक गृहस्थ येतायत. त्यांच्या नीलझेपच्या फिगरला तुम्ही साडेसहा दिलेत. फोनवर इतके तापले होते की मी म्हटलं, तुम्ही याच, समोरासमोर काय ते बघू."

"बरं," ती म्हणाली.

खरं तर लाज वाटायला हवी होती. इतक्या वर्षांत तिच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. तिनं वाट पाहिली. लाज काही वाटली नाही. ती उठून जागेवर गेली आणि पुढचं खोकं उघडलं.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराच्या ठोक्याला ते गृहस्थ आले. निवृत्त बस ड्रायव्हर. कडक इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. मागोमाग त्यांची बायको, हातात मोठी पिशवी. साहेब होता, आणि पेट्या बंद करणारा कामगारही आपलं काम सोडून दारात घुटमळत होता.

"सव्वीस वर्षं!" ड्रायव्हरसाहेबांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. "सव्वीस वर्षं काचेच्या कपाटात ठेवलाय. एकही अपघात न करता दहा वर्षं गाडी चालवली म्हणून बक्षीस मिळालं, त्यातून आणला. खोकं बघा, रंग बघा. पाठीवरच्या केपवर एक सुरकुती दाखवा मला. साडेसहा कशाचे?"

कामगारानं पेटीची कड कापून ती उघडून दिली. नीलझेप निळ्या केपमध्ये उभा होता, उजवा हात आभाळाकडं. भिंगबाईनं या वेळी भिंग बाजूला सारलं. फिगर हात लांब करून धरली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिली. मग त्याचा उजवा हात सरळ वर केला आणि सोडला. हात क्षणभर राहिला आणि हळूहळू थोडा खाली झुकला.

"उजवा खांदा," ती म्हणाली.

"अहो, वय झालं की खांदा ढिला होतोच. माझाही झालाय."

"डावा नाही झाला." तिनं डावा हात वर केला. तो होता तिथं राहिला. "दोन्हींचं वय सारखंच आहे. हा एकच हात वर-खाली झालेला आहे. एकदा-दोनदा नाही, हजारो वेळा. आणि इथं मनगटाच्या आतल्या बाजूला बघा. रंग उडालेला नाही, घासून गेलाय. अंगठा लागून लागून."

"अशक्य! कपाटाला कुलूप असतं. किल्ली माझ्या खिशात."

बायको पिशवीची चेन उघडझाप करत होती. ती पिशवीकडं बघूनच म्हणाली, "दुसरी किल्ली पिठाच्या डब्यात असते."

"काय?"

"धूळ नको पुसायला? तुम्ही पहाटेच्या पाळीला गेलात की उघडायची मी. आणि बघावं तेव्हा याचा आपला हात वर. दिवसभर हात वर करून उभं राहायचं म्हणजे काय चेष्टा आहे? म्हणून तुम्ही गेलात की खाली करायची आणि तुम्ही यायच्या आत वर."

"रोज?"

"रविवार सोडून. रविवारी तुम्ही घरी असायचात."

दारातल्या कामगारानं तोंड फिरवलं. साहेबाला एकाएकी खोकला आला.

"अगं, तो प्लास्टिकचा आहे!"

"हो का? मग कामावर निघताना त्याला 'येतो रे' का म्हणायचात? मी स्वयंपाकघरात जागी असायची. मला न सांगता जायचात आणि याला सांगून."

ड्रायव्हरसाहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी फाइल टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

"गुण बदलता येणार नाहीत," भिंगबाई म्हणाली. "साडेसहा बरोबर आहेत. लांबूनही दिसतंय. पण चिठ्ठीवर कारण लिहिता येईल. हाताळणीमुळे झीज."

"माझं नाव घालायचं काही कारण नाही," बायको म्हणाली.

"घाला! तिचंच नाव घाला, ठळक अक्षरात!"

कामगारानं विचारलं, "पेटी परत बंद करू ना? एकदा चिकटवली की मग कापल्याशिवाय नाही उघडत."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. ड्रायव्हरसाहेबांनी फाइल बगलेत मारली. "राहू द्या पेटी," ते शेवटी म्हणाले. "कपाटातच बरा आहे तो." बायकोनं नीलझेपला फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवलं. जिन्यावरून त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला. "पिठाच्या डब्यात? अगं, पण डबे मी कितीदा..." "तुम्ही? डबे? कधी?"

साहेब मोठ्यानं हसला. भिंगबाईला हसू आलं नाही. ती हातमोजे काढून बसून राहिली. त्या मंगळवारी नवरा घरातून निघाला तेव्हा 'येतो' म्हणाला होता का? ती आठवू लागली. सकाळी ती कपडे भिजवत होती, नळ चालू होता. दार वाजल्याचं आठवत होतं. त्याआधीचं काही आठवेना. रोजच म्हणायचा, म्हणजे त्या दिवशीही म्हणाला असेल. पण असेल म्हणजे काही ऐकलेलं नव्हे. दुपारभर तिनं तेच अर्धं मिनिट उलटंपालटं करून पाहिलं. तिला कुठंतरी टोचल्यासारखं झालं. फार नाही, मोज्यातून टाचणी लागावी तेवढंच.

एक्केचाळीस पेट्यांना पंधरा दिवस लागले. प्रत्येक फिगर ती आधी हातभर लांब धरून बघे आणि मगच भिंगाखाली घेई. सव्वीस जणींचे गुण वाढले. चौदा तशाच राहिल्या. एकीचे मात्र कमी झाले. तिच्या पाठीवरचा मागाहून लावलेला रंग पहिल्या वेळी भिंगबाईच्या नजरेतून निसटला होता. हे तिला जास्त लागायला हवं होतं. तिनं फक्त नोंद केली.

गुण बदलले त्या सगळ्यांना पत्रं गेली. तिनं खाली लिहिलं, 'पहिल्या तपासणीत माझी चूक झाली.'

"ऑफिसची चूक म्हणा ना ताई," साहेब म्हणाला.

"ऑफिसला डोळे नसतात."

साहेबानं वाद घातला नाही. त्यानं एवढंच केलं की तिला शनिवारी अर्धा दिवस घरी जायला सांगितलं, आणि ते ऐकेपर्यंत तिच्या टेबलाशी उभा राहिला.

त्या शनिवारी ती दुपारी दोनला घरी आली तेव्हा सासूबाई दचकल्याच. "काय गं, बरं नाही का?"

"बरी आहे. लवकर सोडलं."

सासूबाई खिडकीशी शेंगा सोलत बसल्या होत्या. ती समोर बसली, थोड्या शेंगा आपल्याकडं ओढल्या आणि काहीतरी बोलायचं म्हणून त्या नवरा-बायकोची हकीकत सांगितली. सासूबाईंना दुसऱ्या किल्लीची गोष्ट फार आवडली. "सव्वीस वर्षं पत्ता लागू दिला नाही? बाई पक्की आहे," म्हणून त्या हसल्या. हसता हसता त्यांच्या मांडीवरचे दाणे सांडले.

ते वेचताना तिनं विचारलं, "आई, त्या दिवशी निघताना ते काही म्हणाले का हो?"

सासूबाईंचा हात थांबला. "मी झोपले होते गं. रात्री गुडघा दुखत होता, पहाटे कुठं डोळा लागला." वेचलेले दाणे ताटलीत टाकत त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, तू ऐकलं असशील. किती दिवस तुला विचारेन म्हणतेय."

"नळ चालू होता."

"हं."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं आणि दुसरं कुणीतरी "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. सासूबाईंनी डोळे पुसले. ती तशीच बसून होती. तिला अजूनही काही होत नव्हतं. पण सासूबाई रडताहेत हे तिला दिसत होतं, आणि या वेळी ती उठून आत गेली नाही. उरलेल्या शेंगा दोघींनी मिळून सोलल्या.