पक्ष्यांसाठी म्हणून घेतलेली दुर्बीण

"काय बघायचंय, काकू?" गिरगावातल्या त्या जुन्या दुकानदाराने विचारलं आणि मी बिनदिक्कत ठोकून दिलं, "पक्षी. शिवडीचे फ्लेमिंगो."

कसले डोंबलाचे फ्लेमिंगो! मला बघायची होती माझी मैत्रीण. करी रोडला आमच्या चाळी समोरासमोर. रोज संध्याकाळी पाचला मी भाजी घेऊन तिच्या गॅलरीत जायची, तीस वर्षं. निवडणं कमी, बोलणं जास्त. मग बिल्डर आला. आमच्या चाळीने सह्या केल्या, तिने केली नाही. चारचौघांत मी तिला बोलले, "तुझ्या हट्टापायी आम्ही इथेच सडायचं का?" ती उठून आत गेली. आमची चाळ पडली, टॉवर उभा राहिला, मी एकविसाव्या मजल्यावर आले. इथे हे गेले. ती भेटायला आली नाही, मीही गेले नाही. मधे एक गल्ली फक्त. पण मी का आधी जाऊ? वरून तिची गॅलरी बोटभर दिसते. कुणीतरी बसलेलं असतं, एवढंच कळतं. ती कशी आहे, हे मला काही करून बघायचं होतं.

दुर्बिणीवर किती पट मोठं दिसतं त्याचा आकडा असतो. मी सगळ्यात मोठा उचलला, वीस. जास्त म्हणजे चांगलं, हा आपला हिशेब! दुकानदाराने मला दाराशी उभं केलं. "समोरची पाटी वाचा." अक्षरं नुसती नाचत होती.

"आकडा वाढला की हाताची थरथरही तेवढीच वाढते, काकू. पक्षी हलतो, तुम्हीही हलणार. आठ घ्या."

माझा पक्षी कुठे हलतोय? गुडघे गेलेत तिचे. पण आठमधून पाटी खरंच स्थिर दिसली.

तरी मी लगेच मान डोलावणाऱ्यातली नाही. हिंदमाताला साडी घेतानासुद्धा दहा पदर उलगडायला लावते. आठच्या चार काढायला लावल्या. एकीत कडेचा विजेचा खांब वाकडा दिसला. दुसरीत आकाशासमोर दिसणाऱ्या विजेच्या तारेला जांभळी किनार आली. तिसरीत दोन चित्रं काही केल्या एक होईनात, डोकं दुखायला लागलं. चौथीचं डोळ्यांकडचं रबर दुमडल्यावर चष्म्यासकट अख्खं चित्र दिसलं, पाटीचे उडालेले पोपडेसुद्धा. "हीच द्या," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पाचला खिडकीच्या कठड्यावर कोपर टेकवून बसले. उजव्या डोळ्याकडची कडी हळूहळू फिरवली आणि ती समोर आली. केस पार पांढरे झालेत, पण तब्येत ठणठणीत. मेथी निवडत होती. शेजारी एक बाई बसली होती, मी कधी न पाहिलेली. ती काहीतरी म्हणाली आणि माझी मैत्रीण मान मागे टाकून खदखदून हसली. आवाज अर्थातच आला नाही. दात मात्र दिसले.

मी दुर्बीण खाली ठेवली. ती सुखरूप आहे म्हणून बरं वाटायला हवं होतं. मेलं, नाही वाटलं. तीही माझ्यासारखीच एकटी बसलेली दिसेल, याच आशेने मी एवढ्या दुर्बिणी तपासल्या होत्या.