आधी उतरायचं कुठं?

स्टेशन रोडवर तिकिटांचं दुकान टाकलं, तेव्हा मला इंग्रजीत फक्त सही येत होती. बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणूस तिकीट घेऊन जातो आणि किस्सा काउंटरवर विसरतो. मी आपला उचलून ठेवतो!

सगळ्यात जास्त किस्से एकाच प्रश्नाचे. पुढं रेल्वेनं चार गावं करायचीत, तर विमानातून आधी उतरायचं कुठं?

*

सिल्लोडचे रफिकभाई दुबईहून परतणार होते. येताना रेल्वेनं तिन्ही लेकींकडं थांबायचं. म्हटलं, मुंबईला उतरा.

"मुंबई नक्को, सेठ! वहाँ बडी आपा रहती. बिर्याणी खिलाए बगैर छोडती नहीं. पिछली बार गाडी छुटी!"

हैदराबाद काढून दिलं. उतरल्या दिवशीच फोन. "सेठ, गाडी छुटी! आपा शादी के वास्ते इधरइच आई है!"

*

देवगाव रंगारीचे एक गुरुजी. पहिलंच विमान, पुढं तीन ठिकाणं रेल्वेनं. मी अभिमानानं सांगितलं, "इथं उतरलात की लगेच गाडी!"

"लगेच नको. तीस वर्षं हिला 'चल लवकर, गाडी सुटेल' म्हणत आलो. या वेळी हिला विमानतळ निवांत बघू द्या."

*

एकदा मीच बायकोला घेऊन निघालो. हुशारी करून विमानतळाला अगदी चिकटून असलेलं स्टेशन निवडलं. आमची गाडी तिथं थांबतच नव्हती! डोळ्यांदेखत धडधडत गेली.

बायको शांतपणे म्हणाली, "तुमच्या गिऱ्हाइकांचं कसं होत असंल हो?"

*

पाचोडचे नामदेवराव माझे जुने दोस्त. मेंढरं राखत लेकीला शिकवलं. ती जर्मनीला गेली, तिथंच बाळंत झाली. आता तान्ह्याला घेऊन बारा दिवसांसाठी येणार होती. सासर नाशिकला, आणि आई पाचोडला दिवाळीपासून अंथरुणावर.

मुंबईला उतरली तर वाटेत आधी नाशिक. बाळाचं कौतुक, पाहुणेरावळे, आठ दिवस तिथंच जाणार. हैदराबादला उतरली तर देवगिरी एक्स्प्रेसनं थेट संभाजीनगर, तिथून पाचोड, म्हणजे आधी आई.

नामदेवराव येण्याआधीच मला नाशिकहून फोन आला. त्यांचे व्याही. "शेठ, हैदराबादचंच काढा. पण मी सांगितलं म्हणू नका. ते रीत सोडायचे नाहीत."

दुपारी नामदेवराव आले. "मुंबईचं काढा, शेठ."

"आणि वहिनी?"

"ती वाट बघंल. नातू पैलं त्यांच्या घरचा. पैलं पाऊल त्यांच्याच उंबऱ्यात पडाय पायजे."

मी कॉम्प्युटरकडं बघत म्हटलं, "मुंबईला जागा नाय."

"एकबी नाय?"

"एकबी नाय. हैदराबादला आहे."

त्यांनी काढलेली टोपी परत डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "व्याह्यांची माफी मागाय लागंल. लावा फोन."

मी लावला, स्पीकरवर टाकला. नामदेवराव फोनपुढं वाकले. "पाव्हणं, लई चूक झाली... मुंबईला जागाच नाय म्हणतेत. पोरगी आधी आमच्याकडं..."

"काय?" पलीकडून व्याही कडाडले. "एकही जागा नाही? अहो, आम्ही दारात रांगोळ्या काढून बसलोय! आता काय, हैदराबाद तर हैदराबाद! पण त्या शेठला माझ्या वतीनं चांगलं खडसवा, नामदेवराव. धंदा येत नाही त्याला!"