त्याला बॉल देतंय कोण?

मुलांनो, परवा फोनवर तुमच्या घरातला गोंधळ ऐकला आणि हे लिहायला बसले. तिकडे अमेरिकेत तुमच्या संघाने कॉलेजातले नवे खेळाडू निवडले, ते शहाणपणाने निवडले की डोळे मिटून, यावर तुम्ही दोघं बाबांशी तावातावाने भांडत होतात. मी मध्ये काही बोलायला गेले, तर धाकटी म्हणाली, "आजी, तुला फुटबॉलमधलं काय कळतं?"

फार नाही कळत. पण याच विषयावर आमच्या घरात एक अख्खा हिवाळा भांडण चाललं होतं आणि त्यातून एक लग्न ठरलं. ती हकिकत ठाऊक असलेली माणसं आता थोडीच उरली आहेत, म्हणून नीट क्रमाने सांगते.

साठचं दशक संपत आलं होतं आणि आम्ही लंडनमध्ये विमानतळाजवळ, हाउन्सलोला राहत होतो. तुमचे आजोबा हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे तुमचे धाकटे आजोबा, विमानतळावर इंजिनियर. ते आमच्याकडेच वरच्या खोलीत राहायचे. शनिवारी दोघे भाऊ मफलर गुंडाळून जवळच्या क्लबच्या मॅचला जायचे. रविवारी जेवणानंतर टीव्हीवर त्या क्लबची मॅच दाखवत असले की तीही बघायचे. घरावरून विमान गेलं की चित्र थरथरायचं, आणि गोल व्हायचा तो नेमका तेव्हाच.

इथे तुमच्याकडच्यासारखी पाळीपाळीने खेळाडू उचलायची पद्धत नाही. क्लबची माणसं शाळांच्या मैदानांवर हिंडून मुलं हेरतात आणि त्यांना घडवतात, नाहीतर दुसऱ्या क्लबचा तयार खेळाडू पैसे मोजून आणतात. आजोबांचं म्हणणं, आपली मुलं घडवावीत, बाहेरचं आणू नये. धाकट्यांचं म्हणणं बरोबर उलटं. त्या वर्षी क्लबने उत्तरेकडून एक उजव्या बाजूचा खेळाडू आणला होता आणि त्याचं काही केल्या जमत नव्हतं. आजोबा जिंकल्यासारखे बोलायचे.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. ट्रंकेत एका बाजूला कडवे वाल आणि दुसऱ्या बाजूला तीन मुलींचे फोटो, धाकट्यांसाठी. नात्यातल्या कितीतरी मुलांसाठी मुली बघायला त्या गेलेल्या. पोहे खाता खाता माणूस पारखण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. वाल त्या रात्री भिजत घालायच्या, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवून मोड आणायच्या आणि रविवारी टीव्हीसमोर बसून सोलायच्या.

एका रविवारी सोलता सोलता त्यांनी विचारलं, "हा कडेचा पोरगा नुसता उभा का रे?"

"तोच तो, बाहेरून आणलेला," आजोबा म्हणाले. "वाया गेलेली निवड."

"वाया कशी गेली? मघापासून बघतेय. हात वर करून थकला बिचारा. त्याला बॉल देतंय कोण?"

मग आम्ही सगळेच बॉल सोडून त्या एकट्या मुलाकडे बघत बसलो. खरंच कोणी देत नव्हतं.

"आधी द्या तर खरं," सासूबाई म्हणाल्या. "मग ठरवा निवड चुकली की काय ते."

दुसऱ्या दिवशी मी भांडी घासत होते, तेव्हा धाकटे आजोबा टॉवेल घेऊन पुसायला उभे राहिले. एरवी कधी न दिसणारं दृश्य, त्यामुळे मी ओळखलं.

"वहिनी, मला एक मुलगी आवडते."

"घोट्याचा एक्स-रे काढला ती ना?" फुटबॉल खेळताना त्यांचा घोटा मुरगळला होता आणि तो बरा झाल्यावरही हॉस्पिटलच्या फेऱ्या चालूच होत्या.

मुलगी लंडनच्याच उत्तर भागात, एजवेअरला आईवडिलांजवळ राहणारी. मुंबईची, मराठी बोलणारी, पण ज्यू. "तुम्हीच सांगा ना आईला," ते म्हणाले.

"मी नाही हो, भावोजी. तुमचा बॉल तुम्हीच मारा."

त्यांनी मारला. सासूबाई म्हणाल्या, "आपल्यातली नाही."

"मराठी बोलते, आई."

"मराठी पुण्यातला आपला पोस्टमनही बोलतो. त्याला जावई करून घेतला का मी?"

"बाहेरून आणलेल्याला आधी बॉल द्या, असं तूच म्हणालीस."

"ते खेळाचं होतं!" आणि त्यांनी ट्रंकेतून फोटो काढून टेबलावर मांडले.

दोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. धाकटे जेवायला उशिरा यायला लागले. सासूबाईंनी या मुलीला नाही म्हटलं, तर दोघांपैकी एकाला आपण गमावणार, हे मला दिसत होतं. धाकटे तेवढे हट्टी होते आणि त्या त्याहून. शेवटी आजोबांनी तोड काढली. "अगं आई, नुसती मॅच बघायला येऊ दे. बघायला काय हरकत आहे?" बघण्याच्या कार्यक्रमाला नाही म्हणणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं.

रविवारी ती आली. हिरवा कोट, हातात फुलं. सोफ्याच्या अगदी टोकाला बसली. मी स्वयंपाकघरात अडकलेली, आणि दोघे भाऊ घाबरून फक्त एकमेकांशी फुटबॉल बोलत होते. सासूबाई मान खाली घालून वाल सोलत होत्या. मुलीच्या मांडीवर चिवड्याची बशी, आणि तिच्याशी कोणी एक शब्द बोलत नव्हतं. मी चहा घेऊन आले, तेव्हा टीव्हीवर तो उजवीकडचा मुलगा पुन्हा हात वर करून उभा होता.

सासूबाईंनी टीव्हीकडे पाहिलं, मग सोफ्याच्या टोकाकडे.

"काय गं," त्या एकदम म्हणाल्या, "तुला काय वाटतं? या क्लबला माणसं पारखता येतात का?"

मुलीने बशी खाली ठेवली. "पारखता येतात, मावशी. पण धीर नाही त्यांना. आणतात, सहा महिन्यांत नावं ठेवतात आणि विकून टाकतात."

"मी तेच म्हणतो," धाकटे म्हणाले. "बाहेरून आणलेच पाहिजेत."

"तू तसं म्हणत नाहीस. तू नुसतं 'आणा, आणा' म्हणतोस. आणून पुढे काय? तुझं साफ चूक आहे."

होणाऱ्या सासूसमोर त्यांच्या मुलाला "साफ चूक"! मी चहाची किटली घट्ट धरली. सासूबाई मात्र हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्यांनी वालाचं पातेलं मुलीकडे सरकवलं. "ये इकडे. येतात का सोलायला?"

"बिरडं आमच्याकडेही करतात की," ती म्हणाली आणि जमिनीवर बसली. डावा-उजवा अंगठा असा चालवत होती की सालं एका बाजूला, वाल दुसऱ्या. विमान गेलं, चित्र थरथरलं, गोल कोणी केला ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिच्या घरच्यांचं मन वळायला मात्र बराच वेळ गेला, आणि ते वळवायला एजवेअरला गेल्या त्या सासूबाईच, दोन बस बदलून. लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. फोटो ट्रंकेतून पुण्याला परत गेले. उत्तरेकडच्या त्या मुलाला क्लबने त्याच वर्षी विकलं, तेव्हा आमच्या घरात सर्वांत जास्त चिडल्या त्या सासूबाई.

त्या आता नाहीत, तुमचे आजोबाही नाहीत. हाउन्सलोचं घर विकलं. वालाचं पातेलं माझ्याकडे आहे. जेवताना कोणी गप्प बसलं तर आमच्याकडे अजून "त्याला बॉल द्या" म्हणतात. आणि तुमचे धाकटे आजी-आजोबा एजवेअरला असतात आणि क्लबने माणसं कशी निवडावीत यावर दर रविवारी भांडतात.